वर्णद्वेष पाप, मग जात काय? चर्च, बायबल आणि आपली किनारपट्टी

उभादांड्याची_आग्नेस

नमस्कार मंडळी. उपवासकाळात आमच्या चर्चच्या युवक मंडळाचा अभ्यासवर्ग असतो. यंदा विषय आलाय "वर्णद्वेष आणि ख्रिस्ती विश्वास". तयारी माझ्या गळ्यात पडली आहे. जालावर वाचायला भरपूर मिळालं, पण सगळं अमेरिकेचं नाहीतर दक्षिण आफ्रिकेचं. मार्टिन लूथर किंग, गुलामांचा व्यापार, जॉर्ज फ्लॉइड. वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण समोर बसणार आहेत शिरोडा-वेंगुर्ल्याची सतरा-अठरा वर्षांची पोरं. त्यांनी काळा माणूस पाहिलाय तो गोव्याच्या फुटबॉल संघात, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला ती धावत गेलेली आहेत. त्यांना "वर्णद्वेष हे पाप आहे" असं सांगितलं की माना डोलावतील. मग घरी आई कुणाबद्दल "मुलगी सावळी आहे, पण घर चांगलं आहे" म्हणेल तेव्हा त्यातलं काही त्यांच्या कानाला टोचणार नाही.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं. दूरच्या पापावर प्रवचन देणं स्वस्त पडतं. आपल्या किनाऱ्यावर ह्या विषयाचं नाव जात आहे, आणि चर्चमध्ये ते नाव काढलं की लोक घड्याळ बघायला लागतात.

तर प्रश्न असे. वंशाबद्दल बायबल आणि ईशज्ञान (म्हणजे देवाविषयीचा ख्रिस्ती विचार) जे सांगतं ते जातीला लागू होतं का? आणि तुमच्याकडे, कॅथलिक असा की प्रोटेस्टंट, प्रत्यक्षात काय चालतं?

रेवंडी_रापण

जागा धरून ठेवतंय. ह्यो धागो शंभरी गाठतलो.

धाकटा_पाळक

आग्नेसताई, पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर "हो, पण सांभाळून" असं आहे.

पाया उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. माणूस देवाच्या प्रतिमेचा. अमुक कुळाचा माणूस असं तिथे म्हटलेलं नाही. प्रेषितांची कृत्ये १७:२६ मध्ये पौल अथेन्सच्या विद्वानांना सांगतो की देवाने एकापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली. हे आपण ग्रीक आहोत म्हणून ताठ्यात असलेल्या लोकांना तोंडावर सांगितलंय, हे विसरू नका.

आता दुसरी बाजू. उत्पत्ती ९ मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. नोहा दारू पिऊन उघडा पडतो, हाम ते बघतो, आणि शाप मिळतो कुणाला? हामला नव्हे, त्याच्या मुलाला, कनानला. कातडीच्या रंगाचं तिथे अवाक्षर नाही. तरी "आफ्रिकन म्हणजे हामची प्रजा, म्हणून गुलामी त्यांच्या नशिबी" असं ख्रिस्ती व्यासपीठांवरून शतकानुशतकं सांगितलं गेलं. म्हणजे वाचता येत नव्हतं असं नाही. जे हवं होतं तेवढंच वाचलं.

आणि गणना ह्या पुस्तकाचा १२ वा अध्याय. मोशेने कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाची, बायको केली म्हणून मिर्याम आणि अहरोन कुरकुरले. देवाने काय केलं? मिर्यामच्या अंगावर कोड उठलं, बर्फासारखं पांढरं. मी हा भाग घेतला की मंडळीत पुढच्या दोन बाकांवर फार शांतता असते.

सांभाळून अशासाठी म्हटलं की गलतीकरांस पत्र ३:२८ हे सगळ्यांचं लाडकं वचन आहे. यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. अमेरिकेतल्या गुलाममालकांच्या बायबलातही ते छापलेलं होतंच. त्यांचं म्हणणं, ही एकी आत्म्यात आहे, शेतावर नाही. आपल्याकडेही "ख्रिस्तात सगळे एक" हे वाक्य नेमकं कुणी तक्रार घेऊन आला की ऐकू येतं.

केळशीकर

मी ख्रिस्ती नाही, पण विषय रंजक आहे म्हणून लिहितो. आग्नेसताईंची मूळ मांडणीच मला पटत नाही. जात आणि वंश ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकाच गावच्या, एकाच रंगाच्या, एकाच बोलीच्या माणसांत जात असते. २००१ साली डर्बनच्या वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषदेत हाच वाद झाला होता. दलित संघटनांचा आग्रह होता की जातीचा प्रश्न तिथे यावा, आणि आपल्या सरकारची भूमिका होती की जात म्हणजे वंश नव्हे. सरकारचे हेतू बाजूला ठेवा, पण शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होतं.

मीनल_कोथरूड

@केळशीकर, फुल्यांना तो फरक आडवा आला नाही. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आणि १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं ते निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य दिसलं म्हणूनच. त्यांचं मूळ गाव आंबडवे तुमच्या केळशीपासून फार लांब नाही हो.

केळशीकर

आंबडवे माहीत आहे, दोन्ही मंडणगड-दापोलीकडचीच. साम्य आहे हे मान्य. एकच आहे हे अमान्य. रंग बदलता येत नाही, जात निदान लपवता येते.

निळी_पणती

लपवता येते म्हणजे काय ते कधी लपवून बघा. सविस्तर नंतर लिहिते.

जुनी_पानं

गोव्याकडचा इतिहास थोडा सांगतो, कारण आग्नेसताईंच्या प्रश्नाचं खरं कोडं तिथे आहे.

दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो. ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती, सतराव्या शतकाची सुरुवात. त्याला पाद्री व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा द्यायला नकार दिला. हा पठ्ठ्या थेट रोमला गेला, तिथे दीक्षा घेतली, १६३७ मध्ये बिशप झाला आणि मग परत आला. लॅटिन परंपरेतला पहिला भारतीय बिशप. पोर्तुगिजांनी त्याला मानलंच नाही, म्हणून तो आदिलशाहीच्या हद्दीत डिचोलीला जाऊन राहिला.

पुढे १७६१ मध्ये लिस्बनहून हुकूम निघाला की देशी ख्रिस्ती आणि पोर्तुगीज यांचा दर्जा सारखा. गोव्यात त्याचा अंमल कित्येक वर्षं रेंगाळत ठेवला गेला. मग १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा, पोर्तुगीज राजवटीविरुद्धचा कट. त्यात गोवेकर पाद्री होते. त्यातले दोघे बढतीसाठी लिस्बनपर्यंत जाऊन रिकाम्या हाती परतलेले. कट फुटला, १५ जणांना मृत्युदंड झाला, पाद्र्यांना जहाजातून लिस्बनला नेऊन वर्षानुवर्षं डांबून ठेवलं. साधारण त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या लोकांना उठवलं, आणि रिचर्ड ॲलन बाहेर पडला. १८१६ मध्ये त्याने आफ्रिकन मेथडिस्ट चर्च उभं केलं.

आता कोडं. फिलाडेल्फियाची ही घटना आणि कांदोळीचा कट शेजारी शेजारी ठेवले की आपल्याला अभिमान वाटतो. पण कास्त्रोने १६५३ मध्ये जे प्रसिद्ध लिखाण केलं ते कुणासाठी? गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांसाठी. गोव्यातल्या देशी पाद्र्यांचा ओरेटोरियन संघ, ज्यातून संत जुझे वाझ श्रीलंकेला गेले, तो ब्राह्मण ख्रिस्त्यांचा संघ होता. चाड्ड्यांनी, म्हणजे क्षत्रिय म्हणवणाऱ्या ख्रिस्त्यांनी, आपली सोय वेगळी बघितली. गोऱ्यांच्या चर्चमध्ये आपल्याला मागे बसवतात याची चीड आलेली माणसं स्वतःच्या चर्चमध्ये सुदिरांना, म्हणजे शूद्र मानलेल्यांना, कुठे बसवत होती? वर्णद्वेषाविरुद्ध लढलो म्हणून जातीच्या प्रश्नातून आपण सुटलो, ही पळवाट आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

गासचा_कुपारी

जुनी_पानं, प्रतिसाद जबरदस्त. वसईकरांनाही यात ओढतो.

आमचे संत गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईत जेजुइट संघाच्या पाद्र्यांच्या हाताखाली वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथे धर्मशिक्षक म्हणून राबले. संघात मात्र प्रवेश मिळाला नाही. त्या काळी जेजुइट भारतीयांना घेतच नसत, केरळचा पेरो लुईस हा एकटा अपवाद. शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन ह्या दुसऱ्या संघाने ब्रदर म्हणून घेतलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर चढवलं गेलं. २६ जण होते. १८६२ मध्ये रोमने संत म्हणून जाहीर केलं. आज आमच्या गासच्या चर्चला त्यांचं नाव आहे, कॉलेजला आहे, सणाला गर्दी मावत नाही.

पण प्रवचनात "वसईचा सुपुत्र" एवढंच येतं. ह्या सुपुत्राला दारात का उभं केलं होतं, हे मी आजवर सणाआधीच्या नऊ दिवसांच्या एकाही नोव्हेनात ऐकलेलं नाही.

आणि आमच्यातही कुपारी, वाडवळ, कोळी हे सगळं आहेच. मिस्सेला (चर्चच्या उपासनेला) एकत्र, फेस्ताला (सणाला) एकत्र, लग्नाची बोलणी सुरू झाली की आपापल्या आळीत.

बाप्तिस्ता_काका

माझं वय झालं, मला राग येईल असं लिहिलंत तरी चालेल. लहानपणी ह्या गोष्टी होत्या. आमच्या गावात फेस्ताची मानाची मिरवणूक कुणी काढायची, कोणत्या कांफ्रारियेने (चर्चच्या मंडळाने) कसला झगा घालायचा, यावरून दोन वर्षं चर्चचं दार बंद पडायची वेळ आली होती. आज ते राहिलेलं नाही. पोरं मुंबईला, दुबईला, पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनला. जात विचारतो कोण? जुनी खपली काढून नव्या पिढीला शिकवायची कशाला?

गासचा_कुपारी

काका, लंडनला गेलेल्यांनाही नवरी शोधायला इकडेच फोन करावा लागतो आणि फोनवर पहिला प्रश्न गावाचं नाव असतो. गाव कळलं की वाडा विचारतात. वाडा कळला की सगळं कळतं.

रेवंडी_रापण

आमच्याकडे तर आडनाव सांगायच्या आधीच माशाच्या कढीत तिरफळ घालतास की नाय ता इचारतत. तेच्यावरून जात, धर्म, तालुको सगळां भायर येता.

मीनल_कोथरूड

तिरफळाचा वेगळा धागा काढा, मी येईन.

निळी_पणती

आता बसून लिहिते.

आमचे पणजोबा मिशनच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात ख्रिस्ती झाले. महार होते. घरात सांगतात की बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांना सगळ्यांत मोठी गोष्ट वाटली ती पाणी नव्हे. प्रभुभोजनाचा प्याला. त्याच प्याल्याला त्यांच्या आधी एका ब्राह्मणातून आलेल्या माणसाने ओठ लावले होते. दक्षिणेत ह्याच प्याल्यावरून केवढं रण माजलं होतं. तंजावरकडच्या मंडळ्यांत जुन्या मिशनऱ्यांनी जातीप्रमाणे बसणं आणि पिणं चालवून घेतलं होतं. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढलं की मंडळीतली जात ताबडतोब आणि कायमची सुटली पाहिजे. शेकडो लोक मंडळी सोडून गेले. त्याने पत्र मागे घेतलं नाही.

हे मी अभिमानाने सांगते. पुढचंही सांगते. माझ्या लग्नाचं बघताना एका शहरातल्या मंडळीतलं स्थळ आलं. सगळं जुळलं. मग मुलाच्या मावशीने आईला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे लोक मिशन कंपाउंडातले का?" आईने हो म्हटलं. पुढे फोन आला नाही. केळशीकर, तुमचं "लपवता येते" ते हे. जन्मभर उत्तरं जुळवत बसायची.

कागदाची गोष्ट तर विचारूच नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात फक्त हिंदूंना. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हटलं, ते तसंच पडून राहिलं. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. म्हणून माझ्या चुलतभावासारखी कितीतरी माणसं रविवारी एक आणि तहसील कचेरीत एक असतात. सरकार म्हणतं ख्रिस्ती झालात, जात संपली. मंडळी म्हणते जात इथे नाहीच. दोघांच्या मधल्या फटीत आम्ही.

ईशज्ञानाचं म्हणाल तर पाळकबुवांनी जिथे सोडलं तिथून पुढे जा. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी जे भाषण केलं तिथून दलित ईशज्ञानाची सुरुवात मानतात. त्यांनी बायबलातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातली इस्राएलाची कबुली घेतली, "माझा पूर्वज भटका अरामी होता". आणि म्हटलं की माझ्या दलित पूर्वजाला तर भटकण्याचंही स्वातंत्र्य नव्हतं. माझ्या मते अभ्यासवर्ग ह्या एका वाक्याभोवती होऊ शकतो. प्रत्येक पोराने आपला पूर्वज कोण होता ते लिहायचं. सन्मानाची गोष्ट नको, खरी लिहायची.

उभादांड्याची_आग्नेस

निळी_पणती, हे मी वर्गात वापरू का? नाव-गाव न घेता.

निळी_पणती

वापर. मावशी वगळू नकोस फक्त.

शंखध्वनी

म्हणजे धर्म बदलूनही जात तशीच? मग बदलला कशाला? वर आरक्षणही पाहिजे? बढिया!

मीनल_कोथरूड

आले. उशीरच झाला जरा.

धाकटा_पाळक

@शंखध्वनी, तुमचा प्रश्न तुमच्याआधी बाबासाहेबांनी विचारलाय, आणि तुमच्यापेक्षा कडक. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची स्थिती काय, यावर त्यांचा स्वतंत्र निबंध आहे आणि तो चर्चला झोंबणारा आहे. आम्ही तो पाळकांच्या वर्गात वाचतो. तुम्ही मात्र प्रश्न उत्तरासाठी विचारलेला दिसत नाही.

संपादक मंडळ

ह्या उपचर्चेचे पुढील सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धर्मांतर योग्य की अयोग्य हा या धाग्याचा विषय नाही.

सदाशिवगड

कारवारहून. आग्नेसताई, एका गोष्टीला हरकत आहे. तुमच्या मुलांनी काळा माणूस फक्त फुटबॉलच्या मैदानावर पाहिला असेल, पण ह्या किनाऱ्याच्या पाठीमागेच काळे ख्रिस्ती राहतात. हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी आहेत. हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि कॅथलिकही आहेत. घरात कोंकणी बोलतात. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, पुष्कळसे पोर्तुगीज गोव्यात, आणि तिथून पळून घाट चढून गेले.

पळाले कुणाच्या घरातून? फक्त पोर्तुगिजांच्याच नाही. गोव्यातल्या सधन देशी ख्रिस्ती घरांतही हबशी गुलाम असत. तेव्हा "वर्णद्वेष गोऱ्यांचा, आपला नव्हे" हे इथेच खोटं पडतं. आणि या व्यापाराला आधार कुठला? पाचव्या निकोलस पोपने १४५२ आणि १४५५ मध्ये पोर्तुगालच्या राजाला दिलेली फर्मानं, ज्यांत अख्रिस्ती लोकांना कायमचं दास करायची मुभा होती. १५३७ मध्ये तिसऱ्या पौलाने अमेरिकेतल्या मूळ लोकांना गुलाम करू नका असं बजावलं, पण आफ्रिकेहून जहाजं येतच राहिली. गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध रोमहून यायला १८३९ उजाडलं.

मी हल्याळकडच्या एका फेस्ताला गेलो होतो. त्यांचा दमाम ढोल वाजत होता, मिस्सा कोंकणीत. माझ्या शेजारी बसलेले आमच्या कारवारचेच गृहस्थ मला हळूच म्हणाले, "ही माणसं आपल्यासारखीच प्रार्थना म्हणतात की!" हे कौतुकाने म्हणाले हो. तेच तर वाईट.

बाप्तिस्ता_काका

सिद्दी लोकांचं हे माहीत नव्हतं. मला मुरुड-जंजिऱ्याचे तेवढे ठाऊक.

केळशीकर

जंजिऱ्याचे सिद्दी राज्यकर्ते, हल्याळचे पळालेले गुलाम. बघा, एकाच वंशाची माणसं आणि किनाऱ्यावर दोन टोकांना दोन दर्जे. माझ्या मुद्द्याला हे पूरकच आहे. वंश काही ठरवत नाही, सत्ता ठरवते.

धाकटा_पाळक

केळशीकर, तुम्ही आत्ता जे म्हणालात तेच जेम्स कोन ह्या काळ्या अमेरिकन ईशज्ञान्याने १९६९ पासून सांगितलं. ख्रिस्त काळा आहे असं तो म्हणतो तेव्हा नाझरेथच्या येशूच्या कातडीची तपासणी करत नाही. देव कुणाच्या बाजूला उभा आहे ते सांगतो. तुम्ही नकळत ईशज्ञान करायला लागलात.

केळशीकर

अरे देवा.

रेवंडी_रापण

केळशीकरांका बाप्तिस्मो कधी? वडे-सागोतीक येतंय.

नारळी_पौर्णिमा

येशूच्या रंगाचा विषय निघाला म्हणून. आमच्या घरातल्या येशूचे केस सोनेरी आणि डोळे निळे आहेत. अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॉलमनने १९४० मध्ये काढलेलं ते चित्र जगभर करोडो प्रतींत गेलं, त्याचीच कुठली तरी नक्कल असणार.

याउलट आंजेलो द फोन्सेका. गोव्यातल्या सांतो इस्तेव्हचा. शांतिनिकेतनात शिकून आला आणि मरिया साडीत, सावळी, कपाळाला कुंकू लावावं अशी इथली बाई म्हणून रंगवायला लागला. तेव्हाच्या गोव्यातल्या चर्चवाल्यांना ते सहन झालं नाही. तो पुण्याला निघून गेला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला, १९६७ मध्ये वारला. आज त्याची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आदराने जपलेली आहेत. सावळी मरिया संग्रहालयात चालते, वेदीवर अजून गोरीच.

अभ्यासवर्गात ही चित्रं दाखवा. मुलं काय म्हणतात ते लिहून घ्या.

जुनी_पानं

अवांतर, पण वेंगुर्ल्याचा धागा आहे म्हणून. रॉबर्ट गोहीन हे नाव तुमच्याकडे कुणाला आठवतं का? मिशनरी डॉक्टरांचा मुलगा, १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला, पुढे १९५७ पासून प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष. त्याच्याच काळात तिथे कार्ल फील्ड्स या काळ्या गृहस्थांना प्रशासनात वरच्या जागी घेतलं आणि काळ्या विद्यार्थ्यांची दारं खऱ्या अर्थाने उघडली. नंतर भारतात राजदूत म्हणूनही आला.

उभादांड्याची_आग्नेस

मिशन हॉस्पिटलमुळे नाव ठाऊक आहे, प्रिन्स्टनचं माहीत नव्हतं! मुलांना आवडेल. आणि सदाशिवगड, सिद्दींवर एक पूर्ण वर्ग घेते.

घाटमाथा

मला इथे दक्षिण आफ्रिकेची गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्या सगळ्यांत जवळची आहे असं मला वाटतं.

तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये आधी गोरे-काळे एकाच टेबलावरून प्रभुभोजन घेत. काही गोऱ्यांना ते नको होतं. १८५७ मध्ये सिनडने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेने, ठराव केला. ठरावात कबूल केलंय की एकत्र असणं हेच शास्त्राला धरून आहे, पण "काहींच्या दुर्बलतेमुळे" वेगळी उपासना ठेवायला हरकत नाही. म्हणजे सोय. १८८१ मध्ये त्या सोयीचं वेगळं चर्च झालं. विसाव्या शतकात त्या वेगळ्या चर्चांसाठी ईशज्ञान लिहिलं गेलं, की देवानेच बाबेलला राष्ट्रं वेगळी केली, मग आपण जोडणारे कोण. ह्याच लोकांनी अपार्थाइडला, म्हणजे तिथल्या सरकारी वर्णभेदाला, धार्मिक बैठक दिली. १९८२ मध्ये ओटावाला रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने अपार्थाइडचं ईशज्ञान हे पाखंड आहे असं जाहीर केलं. त्याच वर्षी त्या वेगळ्या चर्चमध्ये ह्याविरुद्ध बेल्हारचा विश्वासांगिकार (श्रद्धेचा जाहीरनामा) लिहिला गेला, १९८६ मध्ये स्वीकारला गेला.

त्यांनी शब्द वापरला तो पाखंड. नुसती वाईट वागणूक म्हटलं नाही. वाईट वागणुकीसाठी पापांगिकार करून मोकळं होता येतं. पाखंड म्हटलं की तुमची श्रद्धाच चुकली. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ च्या दलितविषयक धोरणात जातिभेदाला गंभीर सामाजिक पाप म्हटलं, ते मोठं पाऊल होतं. पण पाखंड म्हणणं त्याच्याही पुढचं आहे.

आता माझा प्रश्न. आमच्याकडे झारखंडची उरांव, खडिया आदिवासी मुलं चिरेखाणीवर, हॉटेलांत, बोटींवर कामाला आहेत. पुष्कळजण कॅथलिक. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा हिंदी मिस्सा, संध्याकाळी, छोट्या कपेलात. ही सोय आहे की १८५७ आहे?

नारळी_पौर्णिमा

हे फार ताणलंत हं. मी त्या हिंदी मिस्सेच्या गायकवृंदात गाते. त्या मुलांना मराठी किंवा कोंकणी प्रवचन कळत नाही. सहा महिने बोटीवर काढून आलेल्या पोराला स्वतःच्या भाषेतलं गाणं मिळालं की त्याचा चेहरा बघा एकदा. ते बंद करून त्याला मोठ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवणं म्हणजे समता का? पेन्टेकॉस्टला, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं होतं.

घाटमाथा

भाषेबद्दल तक्रार नाही. तक्रार याची की त्यांच्यातला एकही जण पॅरिश कौन्सिलवर (चर्चच्या कारभारी मंडळावर) नाही, फेस्ताच्या वर्गणीत त्यांचं नाव नाही, आणि मंडप उभारायला मात्र त्यांनाच बोलावतात. पेन्टेकॉस्टनंतर पुढे काय झालं तेही वाचा. प्रेषितांची कृत्ये ६. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी "ख्रिस्तात सगळे एक" म्हणून गप्प केलं नाही. सात माणसं निवडून वाटप त्यांच्या हातात दिलं, आणि सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातात किल्ली.

धाकटा_पाळक

सातही नावं ग्रीक! हे मी इतकी वर्षं शिकवतो, आणि असा उपयोग केला नव्हता. रविवारी चोरणार.

बाप्तिस्ता_काका

पण कौन्सिलवर कसं घेणार? ती मुलं आज इथे, उद्या केरळात. कायमची नाहीत.

निळी_पणती

काका, तुमची मुलं लंडनच्या चर्चमध्ये हेच ऐकत असतील.

बाप्तिस्ता_काका

धाकटा सांगत होता खरा. तिथे मिस्सा संपल्यावर चहाला उभं राहिलं की कुणी बोलायला येत नाही म्हणे. विचारतो त्याला नीट.

मीनल_कोथरूड

किंग १९५९ मध्ये भारतात आले होते तेव्हा केरळातल्या दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख "अमेरिकेतला अस्पृश्य" अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, राग आला. मग विचार केला आणि म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. पुढे १९६५ च्या प्रवचनात त्यांनी स्वतः हे सांगितलं. आग्नेस, तुझ्या मूळ प्रश्नाला याहून चांगला पूल मला माहीत नाही. लागू होतं का? ज्याच्यावर बेतलं होतं त्याने लागू करून घेतलं.

केळशीकर

आणि मी एवढंच म्हणेन की लागू करताना फरक पुसू नका. अमेरिकेत काळ्या माणसाला माहीत असतं समोरचा गोरा आहे. आपल्याकडे छळणारा आणि छळला जाणारा एकाच माणसात असतो, जुनी_पानंच्या कांदोळीच्या पाद्र्यांसारखा. तुमच्या मुलांना ते शिकवणं जास्त अवघड जाईल. बाकी अभ्यासवर्गाला बाहेरच्यांना प्रवेश आहे का?

उभादांड्याची_आग्नेस

आहे. चटई घरून आणा.

सगळ्यांचे आभार. ठरलेलं असं: उत्पत्ती ९ आणि गणना १२, मग कास्त्रो आणि कांदोळी, मग सिद्दी, मग निर्मळ यांचा भटका पूर्वज. दक्षिण आफ्रिका आणि कृत्ये ६ शेवटच्या वर्गाला, फादरही त्या दिवशी बसणार म्हणालेत. फोन्सेकाची चित्रं सगळे वर्ग होईपर्यंत भिंतीवर लावून ठेवणार. काका म्हणतात तशी खपली निघेल, पण खाली जखम नसेल तर रक्त येणार नाही.

घाटमाथा

हिंदी मिस्सेतल्या मुलांविषयी बोलणार की त्यांना बोलावणार?

उभादांड्याची_आग्नेस

शेवटच्या वर्गाला बोलावलंय. दोघांनी बोलायचं कबूल केलंय, हिंदीत. पण बोटीवरची पोरं रविवारी पहाटे परत समुद्रात जातात आणि आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्यांना रात्रीचं सुटता येत नाही. मग शनिवारी दुपारी साडेतीन ठरवलं.

रेवंडी_रापण

शनिवारी साडेतीनाक क्रिकेटची फायनल आसा, उभ्यादांड्याच्याच मैदानावर. तुझी अर्धी पोरां थयच असतली.

उभादांड्याची_आग्नेस

मॅच पाच वाजता ठेवायला सांगते. अंपायर आमच्याच गायकवृंदात आहे.